कोरडा कूलर आणि हिरवी चौकट

घरून काम करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, सोमवारी सकाळी दहाला "तुम्ही फळ असता तर कोणतं?" या प्रश्नाला कॅमेऱ्यासमोर हसून उत्तर देणाऱ्या सगळ्यांनो... आपलं दुखणं एकच आहे. आठवडाभर आपण पडद्यावरची एक चौकट असतो. माणूस व्हायला दोन मिनिटं मिळतात, आणि तीही खेळात जातात.

या खेळांविरुद्ध मी उघडपणे बोलत आले. आमची टीम लीड ऋता पुण्यात बसून दर आठवड्याला नवा खेळ शोधायची आणि मी अमरावतीहून तो मोडीत काढायची. "मोठ्या माणसांना बालवाडीत बसवू नका," हे माझं वाक्य टीममध्ये सगळ्यांना पाठ आहे.

अकोल्याचा वैभव मात्र प्रत्येक खेळ मनापासून खेळायचा. "ताई, कावून त्या पोरीच्या मागं लागून राहिली तू? दोन मिनिटं हासली तं तुयं का बिघडते?"

एकदा "खिडकीतून काय दिसतं ते सांगा" असा खेळ होता. मी "भिंत" म्हणून मोकळी झाले. वैभवने समोरच्या पिठाच्या चक्कीची कथाच सांगितली... पेंटरने पाटी उलटी टांगली, आता तो ती सरळ करायला येत नाही आणि मालक हट्टाने हात लावत नाही. मी घड्याळ बघत होते.

गेल्या सोमवारी खेळ घ्यायची पाळी ऋताने माझ्यावर टाकली. मी मुद्दाम न बोलण्याचा खेळ निवडला. सगळ्यांनी कॅमेरा बंद करायचा, एकेकाने दहा सेकंद माईक सुरू ठेवायचा, आणि त्या घरातला आवाज कसला ते बाकीच्यांनी ओळखायचं.

कुणाकडे कुकर, कुणाकडे कबुतरं. मग वैभवची पाळी आली. तो नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता, पाळी जवळ आली तशी माईकही त्याने सुरू करून ठेवला होता. त्याच्या नावाभोवतीची हिरवी चौकट उजळली.

घर्रर्र... मग घशात काही अडकल्यासारखं... पुन्हा घर्रर्र.

"हेलिकॉप्टर." "मिक्सर." कुणीतरी म्हणालं, "भूत आहे रे," आणि सगळे हसले.

मला हसू आलं नाही. तो पाणी संपलेला कूलर होता. त्याचा पंप नुसती हवा ओढत होता. मे महिन्यात अकोल्यात असल्या कूलरपुढे कुणी बसून राहत नाही. माणूस हातातला घास ताटात टाकून उठतो आणि बादली ओततो.

दहा सेकंद झाले... वीस झाले. हिरवी चौकट विझेना. मशीनला वाटत होतं, वैभव बोलतो आहे.

"वैभव, कूलरमधलं पाणी संपलं तुझ्या." उत्तर नाही. त्याची बायको मुलींना घेऊन शेंदूरजनाघाटला माहेरी गेली आहे, हे त्यानेच आदल्या आठवड्यात सांगितलं होतं.

मी त्याला फोन लावला. माझ्या कानात रिंग गेली आणि समोरच्या लॅपटॉपमधून त्याच्या फोनची धून वाजू लागली... इतकी जवळून, की मी मागे वळून पाहिलं. ती शेवटपर्यंत वाजली आणि थांबली. बारा काळ्या चौकटी होत्या. एक हिरवी.

मग त्या घरघरीखाली आणखी एक आवाज आला. फरशीवर काहीतरी घासल्याचा. अगदी सावकाश... पुन्हा आला नाही.

ऑफिसच्या नोंदीत त्याच्या गावाकडचा पत्ता होता. बायकोचा नंबर कुणाकडेच नव्हता. तीन वर्षं रोज त्याच्याशी बोलणाऱ्या मला त्याची गल्ली माहीत नव्हती.

मला ठाऊक होती फक्त एक उलटी पाटी.

माझा मामेभाऊ प्रवीण अकोल्यात ऑटो चालवतो. मी त्याला फोन करून पिठाच्या चक्कीसमोरचं घर गाठायला सांगितलं. "चक्की? ताई, अकोल्यात चक्क्या का दोन-चार आहेत?"

"समोरच्या चक्कीची पाटी उलटी आहे."

"त्या येड्याच्या चक्कीसमोर? निघालो."

पुढचं सगळं आम्ही नुसतं ऐकलं. बराच वेळ फक्त कूलर. मग लांबून दार ठोठावल्याचा आवाज... कडी तुटली... दोन-तीन जणांच्या चपला. मग प्रवीणचा आवाज, "ओ भाऊ... ओ भाऊ. अबे पाणी आन लवकर, आंग तव्यासारखं तापलं याचं." मग ओढत, उचलत नेल्याचे आवाज, आणि ते दूर गेले.

कुणीतरी मागे राहिलं असावं. सवयीने त्याने कूलरमध्ये बादली ओतली. घरघर मऊ झाली, पाणी झिरपायला लागलं... आणि पुण्यात ऋता माईक सुरू ठेवून रडायला लागली.

उष्माघात होता. सकाळपासून उलट्या होत असताना वैभव लॅपटॉप उघडून बसला, मग बादली भरायला उठला आणि उंबऱ्याशी पडला. आणखी उशीर झाला असता तर काय, हे आम्ही डॉक्टरांना विचारलं नाही.

तीन दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज अजून खोल गेलेला. "ताई, माया कूलर कोणी ओळखला?"

"मी."

"मंग तू जितली. आता म्हण बालवाडी."

म्हणत नाही. मी त्या खिडकीच्या खेळावर हसत होते तेव्हा तो मला आपलं घर सांगत होता, आणि मी घड्याळ बघत होते. ही चूक मी जाहीरपणे कबूल करते. पण नशिबाने लक्षात राहिलेल्या पाटीवर एखाद्याचा जीव टांगून ठेवायचा, हे मला मान्य नाही.

म्हणून एकच मागणं आहे. तुमच्या टीममध्ये घरून, एकट्याने काम करणारं जे कुणी असेल, त्याला आज फोन करा आणि त्याच्या शेजाऱ्याचा नंबर लिहून घ्या. आजच... पुढच्या सोमवारची वाट बघू नका.