आत्याचे उठून दिसणारे टाके

इंदूआत्या गेली त्याच्या चौदाव्या दिवशी मी तिच्या पलंगाखालचं एक गाठोडं बोहारणीला देऊन टाकलं आणि बदल्यात स्टीलचं पातेलं घेतलं. वर घासाघीस करून त्यावर झाकणही मिळवलं. त्या झाकणाचा मला फार अभिमान वाटत होता. तेराव्याला आलेली माणसं परतली होती, रोह्याच्या नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या तिच्या दोन खोल्या आवरायच्या होत्या, आणि तिची मुलगी शैला बाजारात गेलेली असताना आपणही काही कर्तबगारी दाखवावी असं माझ्या मनात आलं. गाठोडं सोडून पाहिलं तर कोपर गेलेले सदरे, जीर्ण परकर, गुडघ्याला भोक पडलेली विजार... म्हटलं, म्हातारीने जन्मभर चिंध्या जमवल्या, आता तरी घर मोकळं होऊ दे. तासाभराने शैला आली. तिने ओट्यावरचं पातेलं पाहिलं, मग वाकून पलंगाखाली पाहिलं, आणि पिशवी हातात तशीच धरून खाली बसली. "दादा, ते कपडे लोकांचे होते. आईकडे शिवायला दिलेले. बारा जणांचे आहेत, एकूण एक मला तोंडपाठ आहेत. तिने आजवर कुणाचा हातरुमालसुद्धा हरवला नव्हता रे!" मी म्हणालो, "पण झाकण..." शैलाने माझ्याकडे असं पाहिलं की मी चपला शोधायला लागलो.

त्या बोहारणीमागे मी पूल ओलांडून कसा धावलो ते सांगतोच. पण आधी आत्या कोण होती ते सांगायला हवं, नाहीतर पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला एक माणूस पातेलं छातीशी धरून रोह्याच्या बाजारातून का पळतोय हे कुणाला कळणार नाही.

आमचा पेणला गणपतींचा कारखाना. इंदूआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण, म्हणजे तिचं सगळं लहानपण माती, रंग आणि ओल्या मूर्तींच्या वासात गेलं. आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. मूर्ती वाळताना तिला तडा गेला तर तो असा भरायचा, असा घासायचा, त्यावर असा हात फिरवायचा की खुद्द भरणाऱ्यालाही उद्या तो सापडू नये. वडील त्यात पटाईत होते. मीही वाईट नाही. आणि त्याच घरातून ही बाई निघाली, जिने आयुष्यभर फाटलेलं असं शिवलं की रस्त्याच्या पलीकडूनही दिसावं. निळ्या सदऱ्याला पिवळं ठिगळ, पांढऱ्या परकराला लाल धावदोरा. वडील चिडायचे. "इंदे, त्याच रंगाचा दोरा मिळत नाही का रोह्यात?" ती म्हणायची, "मिळतो की. दादा, तू देव करतोस. देवाला तडा गेलेला चालत नाही. मी माणसांचं शिवते." एवढं बोलून ती वडिलांच्या धोतराचं टोक हातात घेऊन कुठे विरलंय का बघायला लागायची, आणि वडील ते टोक सोडवून घेऊन आत जायचे.

तिच्या या कलेची सुरुवात काकांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, सदऱ्यांपासून झाली. काका एका कंपनीत शिफ्टला होते. कामात कसलेसे थेंब उडायचे आणि खाकी सदऱ्यावर बारीक बारीक भोकं पडायची, एकेका सदऱ्याला वीस वीस. आत्याने एका रविवारी बसून त्या प्रत्येक भोकाभोवती लाल दोऱ्याचं एकेक फूल काढलं. छातीवर सहा, पाठीवर नऊ, बाहीवर उरलेली. काका सोमवारी ते घालून गेले (त्यांना दुसरा धुतलेला सदरा ठेवलेलाच नव्हता). संध्याकाळी आले ते रागाने लाल. सगळ्या शिफ्टने त्यांना 'नवरी' म्हणून हाका मारल्या होत्या. आत्याने चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "आणि भोकं होती तेव्हा काय म्हणत होते?" काका म्हणाले, "तेव्हा कोण बघतंय?" "मग आता बघतात तरी!" पुढच्या आठवड्यात त्याच हसणाऱ्यांच्या बायका सदरे घेऊन दारात उभ्या राहिल्या. तेव्हापासून तिच्या पलंगाखालचं गाठोडं कधी रिकामं झालं नाही.

तिची एक पद्धत होती. कपडा हातात घेतला की सुई ओवण्याआधी ती विचारायची, "कुठे फाटलं?" लोक कपड्यावरची जागा दाखवायचे. "ते दिसतंय मला. कुठे काय करत होतात तेव्हा?" मग माणूस सांगायला लागायचा. कुंपणाच्या तारेत अडकलं म्हणाला तर त्या जागी काट्याची डहाळी यायची, जाळं ओढताना गेलं म्हणाला तर मासा. मी कॉलेजात असताना तिच्याकडे जाताना सायकलवरून पडलो, नव्या पँटचा गुडघा फाटला. खरं कारण सांगायची लाज वाटली तरी तिने ते काढून घेतलंच. पुढून येणाऱ्या मुलींकडे बघत होतो आणि समोरची म्हैस दिसली नाही. झालं... गुडघ्यावर काळ्या दोऱ्यात, साखळी टाक्यात, शिंगांसकट म्हैस! रोह्याहून पेणला एसटीत बसलो तो गुडघ्यावर पिशवी दाबून. वाटेत गडब गावाला एक भाजीवाली चढली, तिला टोपली ठेवायला जागा हवी होती, तिने माझी पिशवी उचलून बाजूला केली आणि मागच्या बाईला हाक मारली, "बघ गो, याच्या ढोपरावर म्हस हाय!" आख्खी गाडी वाकून बघून गेली. मी घरी येऊन ती म्हैस उसवायला बसलो. अर्ध्या तासात फक्त एक शिंग निघालं. आत्याची टीपच तशी होती. मग ती एकशिंगी म्हैस घेऊन मी परीक्षा दिली आणि पासही झालो.

तर बोहारीण. ती मला एसटी स्टँडच्या बाजूला सावलीत कपडे निवडताना सापडली. मी धापा टाकत सगळं सांगितलं, पातेलं पुढे केलं. तिने अकरा कपडे मुकाट्याने परत दिले. बारावी एक बंडी तिने मांडीवर घट्ट धरली होती. "ही नाय देनार."

"का?"

"का म्हंजे? तुमी फाटकं म्हनून दिलंत. ही कुठं फाटकी हाय? बघा तरी, किती जीव लावून शिवलीय! अशी चीज पातेल्यावर घालता, तुमाला काय वाटत नाय?"

मला काय वाटत होतं ते सांगण्याइतका श्वास उरला नव्हता. कशीबशी आत्याची ओळख सांगितली. "अष्टमीच्या काकी? गेल्या?" तिने बंडीची घडी घातली, दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. पातेलं घेतलं. झाकण मात्र परत केलं. "असू दे तुमाकडं. त्यांच्या नावानं."

अकरा कपडे शैलाने ज्याचे त्याला पोचवले. जे शिवून झाले नव्हते त्यांचीही कुणी तक्रार केली नाही. राहिली बंडी. ती पेणच्या खाडीकडच्या हिराजी नावाच्या मिठागर कामगाराची होती, म्हणून ती माझ्याबरोबर पेणला आली. शैला म्हणाली, "ही जपून ने दादा. त्यांच्या बायकोने शिवलेली आहे. ती जाऊन झाली बरीच वर्षं. मिठाचं काम सुरू होतं त्या दिवशी ते हीच घालून उतरतात, आणि ते दिवस आता आलेच." मी बंडी नीट पाहिली. मूळ कापड काखेत तळहाताएवढं शिल्लक होतं. बाकी सगळं आत्या. उजव्या खांद्यावर एक ठिगळ अर्धवट जोडलेलं, त्यात सुई तशीच अडकवलेली. आत्याने हात थांबवला तो इथे...

आता पाहा माझी हुशारी. मनात म्हटलं, एवढा घोळ घातलाय तर निदान हे काम तरी आपण पुरं करावं. तड्यांवर आयुष्य गेलेला माणूस मी. कारखान्यातल्या खिडकीत बसलो, त्याच रंगाचा दोरा शोधून आणला, आत्याच्या लाल टाक्यांसकट ठिगळाच्या कडा आत दुमडल्या आणि असे बारीक टाके घातले की माझे मलाच सापडेनात. वंदनाला, म्हणजे माझ्या बायकोला, दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे," आणि रंगाचे डबे धुवायला वळली. मी ते कौतुक समजलो.

दुसऱ्या दिवशी हिराजी आले. सत्तरीचा काळाकभिन्न माणूस, पायांना मिठाने पडलेल्या भेगा. आत्या गेल्याचं आणि बंडी माझ्याकडे असल्याचं त्यांना आदल्या दिवशी माझ्या निरोपातून कळलं होतं. मूर्तींकडे पाहून त्यांनी हात जोडले, बंडी घेतली आणि खांद्यावरून बोटं फिरवायला लागले. पुन्हा फिरवली. उजेडात नेली.

"शेठ, इथं शिवायची व्हती. ऱ्हायली काय?"

"शिवलीय की!" मी पुढे सरसावलो. "बघा, दिसतसुद्धा नाही."

"तेच म्हनतो. दिसत नाय." ते बंडीकडे बघत राहिले. "ह्यो मासा हाय ना, तवा माजा पोरगा व्हडीतून पडला व्हता, मीनंच वर काढला त्याला. ह्यो काटा, तवा आमच्या हिचा आजार चालू व्हता. रोज वैद्याकडं जायचो त्या काटेरी वाटंनं. समदं हातानं वाचतो मी. आनि ह्या खांद्याला आता काय वाचू? आक्का जाऊन म्हैना झाला नाय तर तिला पुसून टाकलीत तुमी."

कारखान्यात आम्ही तिघंच होतो. हिराजी, मी आणि रंगाचे डबे धूत असलेली वंदना. वडिलांनी शिकवलेली सगळ्यात अवघड गोष्ट मी उत्तम करून दाखवली होती, आणि या माणसाच्या बायकोने शिवलेल्या बंडीतून त्याचं एक वर्ष नाहीसं केलं होतं. मी खाली बसलो. कात्री घेतली. एकेक टाका शोधून शोधून उसवायला लागलो. मी इतके चांगले टाके घातले होते की त्याला म्हशीच्या शिंगापेक्षाही जास्त वेळ लागला. आणि उसवता उसवता लक्षात आलं की मी विचारलंच नव्हतं.

"हिराजी, कुठे फाटली?"

ते समोर उकिडवे बसले. "खारबांध फुटला गेल्या उधानाला. खाडीचं पानी भातात शिरलं. मंग काय... गावातली समदी मानसं, बायापोरं, मातीच्या ढेपा खांद्यावरनं वाहून टाकीत व्हती. ह्याच खांद्यावर. माजा सोताचा वावरात एक बी तुकडा नाय, मी मिठाचा मानूस. पन बांध सगल्यांचा ना?" मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आक्काला सांगितलं तवा ती हसली. म्हनली, हिराजी, आता तुमच्या खांद्यावर बांधच घालते."

मातीचा रंग तर माझ्या घरचाच. तपकिरी जाड दोरा घेतला, ठिगळाची कड उघडी ठेवली आणि तिच्यावरून एक उंचसखल बांध काढायला लागलो. एका बाजूला निळ्या धावदोऱ्याचं पाणी, दुसऱ्या बाजूला हिरवं भात. भात म्हणून जे उमटलं ते झाडूसारखं दिसत होतं, हे कबूल करतो. पाणी मध्येच बांध चढून गेलं. दोनदा सुई बोटात गेली. हिराजी मधून मधून सूचना करत होते, "पानी जरा खाली घ्या, आता तो बांध टिकलाय," आणि मी पाणी खाली घेत होतो. आत्याची सुई हातात होती, तिच्या बोटांनी ती मधे थोडी वाकलेली, त्यामुळे माझ्या हातात ती सरळ कधी चाललीच नाही. पण एका जागी मात्र, जिथे तिचे शेवटचे चार टाके संपत होते, तिथे मी तिचा लाल दोरा तसाच राहू दिला आणि माझा तपकिरी त्याच्या शेजारून पुढे नेला. तिचं कुठे संपलं आणि माझं कुठे सुरू झालं, ते कुणालाही दिसेल.

हिराजींनी बंडी घातली, डाव्या हाताने उजवा खांदा चाचपला. वरून खाली, मग खालून वर. "हां," म्हणाले. "हाय हितं." आणि चहाही न घेता निघाले, कारण भरती-ओहोटी बघून मिठागरात उतरायचं होतं.

मी सुई टोचलेलं बोट तोंडात धरून बसलो होतो. वंदनाला विचारलं, "कसं झालं होतं गं?"

"वाकडं," ती डबे पुसत म्हणाली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पण तुम्ही शिवलंय हे लांबून कळत होतं. माझ्या निळ्या साडीचा पदर फाटलाय. तोही असाच शिवून द्या."