मी सोडलं न्हाई, कमी केलं

"बराबर सांगतो," असं म्हणून ते आधी तळहात पालथा टेकवायचे. पुढे जे बोलायचे, त्यानं समोरच्याचा चेहरा उतरायचा. लग्नाच्या पंगतीत यजमानानं हौसेनं विचारलं, तर म्हणायचे, "बराबर सांगतो, वरणात मीठ जादा झालं." अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील.

ते आणि मी शेजारी. जालन्याच्या एमआयडीसीत ते सळयांच्या कारखान्यात पाळीप्रमुख, मी बियाण्यांच्या कंपनीत. माझ्याच मोटारसायकलवर दोघं जायचो. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या कारखान्यातली एक भट्टी बंद झाली आणि त्यांची अख्खी पाळी घरी बसली.

मग मुलाखती सुरू झाल्या. जिथं जावं तिथं एकच प्रश्न, "आधीचं काम का सोडलं?"

"मी सोडलं न्हाई साहेब. कमी केलं."

असं म्हटलं की साहेब घड्याळाकडे बघायचे.

शेवटी वहिनी वैतागल्या. "इतकं खरं कशाला सांगता? आई आजारी व्हती म्हणून सोडलं म्हणा."

"आई तर ठणठणीत हाय."

आतून तांदूळ निवडता निवडता आई म्हणाली, "म्हण रे. मला काय व्हतंय त्यानं!"

पुढच्या मुलाखतीला मीच त्यांना सोडलं. परतताना ते मागून सांगू लागले.

"आई आजारी व्हती म्हणालो. साहेबानं तिथंच जुन्या कारखान्यात फोन लावला. मॅनेजर म्हणला, माणूस एक नंबर, भट्टी बंद केली म्हणून कमी केलं. फोन ठेवून साहेब मला विचारतो, एवढंच होतं तर खोटं का बोललात?"

"मंग तुम्ही काय म्हणालात?"

"उठून आलो, भाऊ."

गाडी चालवत होतो, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसला नाही.

त्यानंतर त्यांनी मुलाखतींना जाणं सोडलं. दिवसभर ओट्यावर बसत. कुणी काही विचारलं तर "बघू" म्हणत, एवढंच. उन्हाळ्यात एका सकाळी ते पुण्याला निघून गेले. मी ड्यूटीवर होतो, भेट झाली नाही.

परवा वहिनी दारात दिसल्या. म्हणाल्या, एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनचं काम लागलंय.

मी भीतभीतच विचारलं, "तिथं मुलाखतीत काय विचारलं?"

"काहीच न्हाई म्हणे. उंची बघितली अन् शिट्टी हातात दिली."