रविवारी उघडलेली ब्रँच

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मगच सांगते. नाही म्हणजे हसणारच तुम्ही, माहितीये मला. घ्या, चहा घ्या, आणि हसा पोटभर. किती वर्षं झाकून ठेवणार मी तरी?

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदची गोष्ट. मी धुळ्याला एका बँकेत क्लार्क होते. बी.कॉम., टायपिंग पास, नोकरी कायम. वय मात्र सव्वीस! या सव्वीसवर आमचे आबा दिवसातून तीनदा उसासा टाकायचे. स्थळं यायची आणि जायची. कुणाला नोकरीवाली मुलगी नको होती, कुणाला नोकरीवालीच हवी होती. एकाने तर आबांना तोंडावर विचारलं, "नोकरी खरंच आहे, की लग्नापुरती?" आबा महिनाभर धुमसत होते.

आणि मग मुंबईचं स्थळ आलं. सुहास नाव. कुठल्याशा परदेशी कंपनीत चांगल्या जागेवर. पत्रिका जुळली, फोटो आला. आता तुमच्यापासून काय लपवू? मला मुलगा फोटोतच आवडला. तेव्हा असं बोलायची सोय नव्हती. मी तो फोटो पासबुकात ठेवून बँकेत नेला होता आणि दिवसभरात पाच-सहा वेळा पासबुक 'तपासलं' होतं.

ठरलं असं, की शनिवारी त्यांना अमळनेरला एका लग्नाला यायचंच आहे, तर रविवारी धुळ्यात मुलगी बघून दुपारी तीनच्या गाडीने मुंबईला परत जायचं. झालं! आईने पोहे निवडायला घेतले.

गुरुवारी बँकेत मॅनेजरच्या टेबलावरचा काळा फोन खणखणला. पाटील साहेबांनी उचलला आणि अख्ख्या ब्रँचला ऐकू जाईल असं ओरडले, "मॅडम, मुंबईहून ट्रंककॉल! कुणी सुहास म्हणून आहेत!"

टाइपरायटर थांबले. कॅशियरने मान बाहेर काढली. मी धावत जाऊन फोन घेतला. लाइनीत अशी खरखर, की कुणी कानाशी भुईमूग भाजतंय.

"हॅलो, मी सुहास. हे बघा, कांदेपोह्यांचा कार्यक्रम नको. त्यात बोलणंच होत नाही. त्यापेक्षा रविवारी ब्रँचला भेटू या का? अकराच्या सुमारास?"

"ब्रँचला? अहो, रविवारी ब्रँच बंद असते!"

"काय सांगता! धुळ्यात रविवारी ब्रँच नाही?"

"धुळ्यातच काय, अख्ख्या भारतात नाही."

"मुंबईत असतो की! आम्ही तर दर रविवारी जातो. मित्र मित्र मिळून. तुडुंब गर्दी असते."

मी मनात म्हटलं, मुंबई ती मुंबई! रविवारीसुद्धा मित्रांना घेऊन बँकेत जातात. किती शिस्तीचा माणूस!

"बरं, धुळ्यात चांगला कुठला?" त्याने विचारलं.

तो 'चांगला' म्हणाला, हे मी ऐकलं हं! मुंबईच्या लोकांचं मराठी असंच, म्हणून सोडून दिलं.

"मेन ब्रँच मोठी आहे. पण आमच्याकडे गर्दी कमी, हवा चांगली."

"मग तुमच्याकडेच ठेवू या. कराल ना सोय?"

"साहेबांना विचारावं लागेल."

"साहेबांना? बरं, विचारा. माझी आत्यापण येईल. तिला जास्त ति…"

फोन कट.

तिला जास्त ति… काय बरं? तिष्ठत! दुसरं काय? आत्याबाईंना जास्त तिष्ठत ठेवू नका. बरोबर आहे, वयस्कर माणूस.

घरी आल्यावर सांगितलं तशी आबांनी मांडीवर थाप मारली. आबा एरवी शाळामास्तरांचं शुद्ध बोलायचे, पण जीव गुंतला की सरळ अहिराणीवर यायचे. "अव पोरी, तुन्ही नोकरी देखाले यी राहिना तो! कायम शे का नही, ते ब्रँचमा यीसन देखाव! वा रे पठ्ठ्या!" म्हणजे काय, तर नोकरी कायम आहे की नाही, ते तो स्वतः बघायला येतोय! मग आबा एकदम गंभीर झाले. "ब्रँच उघडी पाहिजे. काही झालं तरी."

आता प्रश्न पाटील साहेबांचा. जानेवारी महिना, आणि रविवारी फागण्याच्या त्यांच्या शेतात भरीत-पार्टी. खान्देशातल्या माणसाला थंडीत भरीत-पार्टी सोडायला सांगणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. साहेबांनी कपाळाला हात लावला. पण मलाही रडायला येतच होतं, ते मी जरा आधी येऊ दिलं. साहेब विरघळले. "फक्त पुढचं दार उघडतो. तिजोरीकडे फिरकायचं नाही. आणि बारापर्यंत मला मोकळं करा!"

रविवार उजाडला. पाहुण्यांसमोर पोटात कावळे ओरडायला नकोत, म्हणून आम्ही नऊ वाजताच वरण-बट्टी खाऊन घेतली. मी तर चार बट्ट्या खाल्ल्या. तूप ओतून.

बँकेचे म्हातारे वॉचमन, नाना, दार उघडताना म्हणाले, "ताई, आज ते रविवार शे ना?" मी म्हटलं, "नाना, आज जन्माचा प्रश्न आहे." ते बिचारे युनिफॉर्म चढवून दारात उभे राहिले.

बरोब्बर अकराला रिक्षा थांबली. सुहास उतरला. फोटोपेक्षा चांगला! मागून आत्याबाई. दोघांनी बँकेची पाटी वाचली, एकमेकांकडे बघितलं. मग सुहास म्हणाला, "आधी तुमचं काम आहे का इथे काही?"

"नाही, नाही! सगळं तुमच्यासाठीच उघडलंय!"

आत घेतलं. आत्याबाईंना साहेबांच्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. सुहास हात चोळत म्हणाला, "मग? सुरुवात कशाने?"

"आधी मस्टर," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उजळला. "वा! धुळ्यात मस्टर्ड मिळतं?"

मला काही कळलं नाही, पण माणूस खूश आहे, एवढं कळलं. मी हजेरीचं मस्टर आणून त्याच्यापुढे उघडलं. माझं नाव, त्यापुढे दोन वर्षांच्या सह्या. आणि पुरावा पक्का व्हावा म्हणून आत्याबाईंच्या डोळ्यांदेखत मी त्या दिवसाच्या चौकटीत, रविवारच्या लाल रेघेवर, ठसठशीत सही ठोकली. साहेबांनी मागच्या मागे "अरे देवा" म्हटलेलं मला ऐकू आलं.

मग आबांनी ताबा घेतला. "हे काउंटर. हे तिचं स्टूल. हा पंखा तिच्याच डोक्यावर. कायम झाल्याचं पत्र वाचता का? मी वाचून दाखवतो." आणि वाचलंही! वर्गात धडा वाचायचे तसं, स्वल्पविरामाला थांबत.

सुहास दर पाच मिनिटांनी म्हणायचा, "छान. आणि… यानंतर?"

"यानंतर स्ट्राँगरूम. पण ती बाहेरूनच," मी म्हणायची.

साडेबारा झाले. साहेब घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. आत्याबाई खुर्चीतच पेंगुळल्या. सुहासचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, संपलं! ब्रँच पसंत पडली नाही. एवढा जीव तोडून तयारी केली, आणि याला आमची ब्रँच लहान वाटतेय!

तेवढ्यात दारातून नानांनी मला खूण केली. जवळ गेले, तर कानात म्हणाले, "ताई, पाव्हणासले भूक लागनी शे. तोंड देखा त्यासनं."

आणि त्याच क्षणी मागून सुहासचा आवाज आला, फार हळू, फार नम्र. "माफ करा, पण… ब्रंच कधी आहे?"

"अहो कधी म्हणजे? तुम्ही दीड तास ब्रँचमध्येच तर बसलाय!"

त्याने हाताने घास घेतल्याची खूण केली. मग म्हणाला, "ब्रंच. सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण एकत्र करतात, ते. आम्ही काल रात्रीपासून काही खाल्लेलं नाही."

सांगा, काय करायचं अशा वेळी? जमीन दुभंगावी म्हणावं, तर बँकेची फरशी! आबांच्या हातातलं पत्र तसंच राहिलं. माझ्या पोटात चार बट्ट्या, आणि समोर नवरा मुलगा उपाशी!

आधी सुहास हसला. असा हसला, की काउंटरला धरून खाली बसला. मग नाना, मग साहेब. आबा हसावं की रागवावं, या विचारात शेवटी खोकले. एकट्या आत्याबाई खुर्चीत घोरत होत्या.

साहेबांनी बँकेच्या दाराला कडी घातली. "चला! फागण्याला भरीत तयार आहे. बसा जीपमध्ये." आत्याबाईंना उठवलं, कुठे चाललोय ते सांगायलाही वेळ नव्हता.

शेतात कपाशीच्या काड्यांच्या धुरात वांगी भाजून, हिरव्या मिरच्या घालून ठेचून ठेवलेली. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी, कांद्याची पात. सुहास जेवला म्हणजे किती, ते मोजायचं सोडून दिलं मी. आत्याबाईंना तर मी स्वतःच्या हाताने वाढलं, भुकेल्या म्हणून दुप्पट. त्यांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि डोळे पांढरे! उचकी लागली ती थांबेचना.

सुहास धावला. "अहो, फोनवर सांगितलं होतं ना, तिला जास्त तिखट चालत नाही!"

ति… तिखट! तिष्ठत नव्हे! दीड तास तिष्ठत ठेवली ती ठेवली, आणि वर हे.

आत्याबाई गूळ खात, उचक्या देत, एक शब्द न बोलता तीनच्या गाडीत बसल्या. सुहासने खिडकीतून हात हलवला. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. एवढं मनात भरलेलं माणूस, आणि मीच घालवलं!

आठव्या दिवशी त्याच्या वडिलांचं पत्र आलं. आबांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं.

"मुलगी आम्हांस पसंत आहे. आमच्या भगिनीने मुलीच्या कामसूपणाची फार तारीफ केली. मात्र मुहूर्त रविवारचा धरू नये. मुलीस त्या दिवशी बँक असते, असे समजते."

म्हणजे सुहासने घरी काहीच फोडलं नव्हतं! आई म्हणाली, खुलासा पाठवा. आबांनी पेन उघडलं, माझ्याकडे बघितलं, मी आबांकडे बघितलं. खुलासा करायचा, तर मग सगळंच लिहावं लागणार! आबांनी पेन बंद केलं.

लग्न गुरुवारी लागलं. पाटील साहेबांपासून नानांपर्यंत, आमच्या ब्रँचमधलं एकही माणूस लग्नाला येऊ शकलं नाही. सगळ्यांना बँक होती ना!