फॉरवर्ड क्लच का जळला

डावा पाय गुडघ्याखाली नसलेल्या माणसानं स्वतःची गाडी स्वतः चालवू नये, असं तुम्हालाही वाटतं का?

प्रल्हादभाऊ राठोडांच्या मोठ्या भावाला तसं वाटायचं. त्यामुळे त्या सकाळी प्रल्हादभाऊंची जीप टेम्पोवर लादून आमच्या दारव्ह्याच्या गॅरेजात आली, तेव्हा प्रश्न फक्त गिअरबॉक्सचा नव्हता. जीप खाली उतरवून घेताना ते एवढंच बोलले, "ताई, दादानं सांगतलं, आता बसली तं इकून टाक. मंग म्या घरीच बसाव."

तो गिअरबॉक्स तीन आठवड्यांपूर्वी मीच खोलून, नवा करून बसवला होता.

प्रल्हादभाऊ पुसदकडच्या एका तांड्यावरचे. पाय मळणीयंत्रात गेला. त्याआधी पंधरा वर्षं ते मेटाडोर चालवत. पाय गेल्यावर त्यांनी जुनी ऑटोमॅटिक जीप शोधून काढली. ऑटोमॅटिकला क्लचचं पेडल नसतं, त्यामुळे डाव्या पायाला कामच नसतं. लायसनवर तशी नोंद करून घेतली. मागच्या सीट काढून स्टीलची भांडी भरायची आणि बायको सुनीताबाईंसोबत आठवडी बाजार करायचे, आज दिग्रस, उद्या दारव्हा, कधी नेर. हे सगळं त्यांनी कुणापुढे हात न पसरता उभं केलं होतं.

जुनं इंजिन थकलं तेव्हा त्यांनी त्याच कंपनीचं, पण टर्बोवालं इंजिन बसवून घेतलं. आरटीओची मंजुरी रीतसर घेतली. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त डिझेल, जास्त ताकद. भरली गाडी घाट चढू लागली. पण ही नवी ताकद चाकांपर्यंत नेणारा गिअरबॉक्स जुनाच, याचा विचार इंजिन बसवणाऱ्यानं केला नाही. गिअरबॉक्स घसरू लागला, आणि तेव्हा गाडी पहिल्यांदा माझ्याकडे आली.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पोटात क्लचचे गठ्ठे असतात, ताटलीएवढ्या चकत्या एकावर एक रचलेले. एक चकती खरबरीत, एक गुळगुळीत पोलादी. तेलाचा दाब आला की गठ्ठा आवळला जातो आणि ताकद पुढे जाते. दाब कमी पडला की चकत्या एकमेकींवर घासतात आणि जळतात. मी प्रत्येक गठ्ठ्यात जास्त चकत्या बसवल्या, दाब ठरवणारी स्प्रिंग कडक टाकली, तेल थंड ठेवायला रेडिएटरच्या पुढे मोठा कूलर लावला. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलामार्फत जोडणारा गोल डबा, तोही मजबूत करून घेतला. मग भांड्यांच्या वजनाएवढ्या वाळूच्या गोण्या भरून स्वतः घाट चढून आले. तेलाचं तापमान जराही वर गेलं नाही. मी खूश होते.

आणि आता ही गाडी टेम्पोवर.

आमचे मालक शब्बीर उस्ताद साठीचे. त्यांनी तेलात बोट बुडवलं, वास घेतला आणि फडक्याला हात पुसला.

"टर्बोनं खाल्ला, बेटा. साधी बात आहे. लिहून दे त्याले, या गाडीत हे जमत नाही."

"उस्ताद, खोलून तरी बघू द्या."

"खोल. पण जळलेलं पाहून काय शिकशीन? जळालं म्हणजे जळालं."

मला या वाक्याचा संताप येतो. आपल्याकडे गॅरेज असो की कचेरी, जळालं म्हणजे जळालं म्हणून हात झटकले की काम संपतं. ज्याचं जळालं तो निमूटपणे घरी जातो. का जळालं, हे विचारायचा त्याला हक्क आहे आणि शोधायचं आपलं कर्तव्य आहे. मी त्या दिवशी हे उस्तादांना सांगितलं नाही. पाने घेतले आणि कामाला लागले.

संध्याकाळपर्यंत सगळे गठ्ठे टेबलावर ओळीनं मांडले. चार गठ्ठ्यांपैकी तीन जसे बसवले होते तसेच, चकत्यांवरची छपाईसुद्धा पुसली नव्हती. चौथा, ज्याला फॉरवर्ड क्लच म्हणतात, तो कोळसा.

"उस्ताद, जरा इकडे या."

ते आले. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"हे तिघं घाटात गिअर बदलताना सुटतात, पकडतात. टर्बोनं मारलं असतं तर आधी हे गेले असते. फॉरवर्ड क्लच पुढच्या सगळ्या गिअरला धरलेलाच असतो. तो पकडतो कधी? फक्त लिव्हर न्यूट्रलमधून D मध्ये, म्हणजे पुढे जायला, टाकली तेव्हा. दिवसातून आठ-दहा वेळा, गाडी उभी असताना. घाटात घसरायचा तर माझ्या ट्रायललाच घसरला असता. मग हा एकटा कसा जळला?"

उस्तादांनी चकती उलटसुलट केली. "तुनंच बसवताना कुठं तेलाचं सील कापलं असन."

तेही तपासलं. सील शाबूत होतं. दाबही बरोबर होता. रात्री जेवतानाही माझ्या डोक्यात तोच काळा गठ्ठा होता.

उत्तर सापडेना, तेव्हा मी निदान प्रश्न कुणाला विचारला नाही याची यादी केली. यादी एका नावाची निघाली. गाडी चालवणाऱ्याची.

आमच्या धंद्यातली ही रीतच आहे. गाडी आली की कस्टमरला बाकड्यावर बसवायचं, चहा द्यायचा, आणि ट्रायल मिस्त्रीनं मारायची. मी तेच केलं होतं. घाट मी चढले, गिअर मी टाकले, समाधान माझं झालं. प्रल्हादभाऊ तेव्हा बाकड्यावर बसून माझी वाट बघत होते.

नवा फॉरवर्ड क्लच बसवून झाल्यावर मी उस्तादांना म्हणाले, "ट्रायल प्रल्हादभाऊ मारतील. मी बाजूला बसते."

"कस्टमरच्या हातानं ट्रायल? उद्या त्याच्याच हातानं गिअरबॉक्स खोलशीन."

"तुम्ही पण चला."

"मले मरायची हौस नाही," ते म्हणाले, पण हसत.

आम्ही भांडी भरूनच निघालो. प्रल्हादभाऊ स्टिअरिंगवर, मी शेजारी, मागे पातेल्यांच्या उतरंडीला पाठ लावून सुनीताबाई. दिग्रस मागे टाकलं. चढ त्यांनी माझ्यापेक्षा सफाईनं काढला. ॲक्सिलरेटरवर पाय असा हलका की इंजिनाचा आवाज कुठे ताणला गेला नाही. मी मनात म्हटलं, यांचं काय चुकणार?

मग उतार लागला. त्यांनी डावा हात खाली नेला आणि लिव्हर न्यूट्रलमध्ये सरकवली. इंजिन एकदम शांत झालं. गाडी नुसती वजनावर घरंगळायला लागली.

"हे काय केलंत?"

"काय केलं?"

"न्यूट्रल."

"उतार आहे न, ताई. डिझेल काहून जाळाव?"

मागून सुनीताबाई म्हणाल्या, "हे तं नेहमीचंच हाय. उतार लागला का हे गाडी मोकळी सोडतात. मी म्हणते, मले भेव लागते, तं म्हणतात, तुले गाडीतलं काय समजते."

"तू पातेले सांभाळ," प्रल्हादभाऊ म्हणाले.

उतार संपत आला. गाडी साठच्या वर. त्यांचा उजवा पाय ॲक्सिलरेटरकडे गेला आणि हात लिव्हरकडे.

"थांबा, लिव्हरला हात लावू नका. पाय काढा. ब्रेक दाबा, हळूहळू उभी करा."

गाडी एका बाभळीखाली थांबली. मी त्यांना सांगितलं ते इथंही सांगते. साठच्या वेगानं चाकं फिरतात आणि इंजिन मंद असतं. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबत लिव्हर D मध्ये टाकता, तेव्हा हा सगळा फरक एका फॉरवर्ड क्लचला क्षणात भरून काढायचा असतो. जुनं इंजिन लेचंपेचं होतं, म्हणून तो सोसत होता. आता मागून टर्बोचा जोर येतो आणि तो पकडायच्या आधीच घासून निघतो. एका फेरीत दहा उतार. तीन आठवडे.

आणि डिझेल? गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, तर उतारावर चाकंच इंजिनाला फिरवतात, पंप डिझेल जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं. शिवाय इंजिनाची अडवणूक जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

प्रल्हादभाऊंनी हँडब्रेक ओढला.

"म्हंजे म्या डिझेल वाचवून नाही राह्यलो?"

"नाही."

"मेटाडोरची पंधरा वर्षंबी?"

"ती पंधरा वर्षंही."

"आन् गिअरबॉक्स म्याच जाळला."

"नाही, भाऊ. तुम्ही गाडी कशी चालवता, हे मी विचारलंच नाही. गाडी देताना तेल कधी बदलायचं हे सांगितलं, आणि तुम्ही मान डोलावली. चूक माझी आहे."

मागून आवाज आला, "अर्धी त्यायचीबी हाय."

यावर ते हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच.

परतीला त्यांनी तोच रस्ता उलट्या बाजूनं केला. उतार आला की हात लिव्हरकडे जायचा, मध्येच थांबायचा आणि परत स्टिअरिंगवर यायचा. मोठ्या उतारावर मी लिव्हर 2 वर, म्हणजे खालच्या गिअरवर, ठेवायला सांगितली. इंजिन गुरगुरलं, गाडी आपोआप आवरली गेली. "ही तं लगाम लावल्यासारखी उतरते," ते म्हणाले.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. गिअरबॉक्स मी पुन्हा उघडलेला नाही, दर सहा महिन्यांनी फक्त तेल बघते. चकत्या जळू लागल्या की ते काळं पडतं; हे अजून नव्यासारखं लालच आहे. जीप विकली गेली नाही. प्रल्हादभाऊ बाजार करतात, आणि मोठे दादा कधी पुसदला जायचं असलं की त्यांच्या शेजारी बसून जातात. उस्ताद आजही म्हणतात की टर्बोनंच खाल्ला होता. पण दुरुस्त झालेली गाडी ट्रायलला दाराबाहेर निघते, तेव्हा चावी ते गाडीवाल्याच्या हातात देतात आणि स्वतः डाव्या बाजूनं चढतात.

मी यातून एवढंच शिकले की यंत्राची ताकद मोजणं सोपं आहे, माणसाची सवय मोजायला शेजारी बसावं लागतं.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. पुढच्या वेळी गाडी दुरुस्तीला टाकाल तेव्हा बाकड्यावर बसू नका. मिस्त्रीला हाताला धरून शेजारी बसवा, स्वतः पाच-सात किलोमीटर चालवून दाखवा आणि त्याला विचारा, "माझं कुठं चुकतंय?" तो कंटाळा करेल. तरी त्याला उतरू देऊ नका.