बरा झालेला आचारी

आष्टीच्या आसपास कुठंही लग्न जमलं की लोक आधी मच्छिंद्र आचाऱ्याची तारीख धरायचे. हजाराच्या पंगतीला डाळ किती, तेल किती, हे तो उभ्याउभ्या सांगायचा. मग त्याला आवाज ऐकू यायला लागले. कढईतून कुणीतरी शिव्या देतंय म्हणून एका मांडवातून तो पळाला. जालन्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया सांगितलं आणि गोळ्या दिल्या. वर्षभरात आवाज थांबले. गाव म्हणालं, मच्छिंद्र बरा झाला.

झोप मात्र परत आली नाही. रात्रभर तो पत्र्याकडं बघत पडायचा, उजाडता उजाडता डोळा लागायचा. तेवढ्यात धाकटा भाऊ अंगद दारात उभा. धंदा आता तोच सांभाळत होता. "ऊन वर आलं वैनी, अन् दादा अजून लोळूनच राह्यला," असं तो मच्छिंद्रच्या बायकोला, शालूला ऐकवायचा. मच्छिंद्र उठायचा, पण डोकं ओल्या पोत्यागत जड. अंगदनं तीन कामं सांगितली की एकच ध्यानात राहायचं. कांदा परतला, आता पुढं काय, हे कढईत बघत आठवावं लागायचं. कुणाला सांगावं तर लोक म्हणणार, पुन्हा बिघडला.

डॉक्टर दर खेपेला विचारायचे, "आवाज येतात का?"

"न्हाई."

"छान." आणि त्याच गोळ्या लिहून द्यायचे.

परतूरच्या एका लग्नात त्यानं वरणात दोनदा मीठ घातलं. पहिल्यांदा घातलेलं आठवेचना. पंगत बसली आणि वरपक्षाची माणसं ताटावरून उठली. अंगदनं सगळ्यांपुढं हात जोडले. "माफी करा पाव्हणं, आमचा भाऊ डोक्यानं कमी हाये."

त्यानंतर शालू त्याला दुसऱ्या डॉक्टरबाईंकडं घेऊन गेली. बाईंनी पहिल्यांदा विचारलं, "झोप कशी लागते?"

मच्छिंद्र म्हणाला, "आजवर हे कुणी विचारलंच न्हाई."

या आजारात झोपही बिघडते, विसरही पडतो, आणि झोप नसली की विसर आणखी वाढतो, हा आळस नव्हे, असं बाईंनी शालूला समजावलं. गोळ्यांच्या वेळा बदलल्या, दुपारचं निजणं बंद केलं. "सगळं पहिल्यासारखं होईल असं मात्र मी सांगणार नाही," असंही त्या म्हणाल्या.

हळूहळू रात्री डोळा लागू लागला. शेजारच्या बारशाचा स्वयंपाक त्यानं एकट्यानं, न चुकता उरकला. दुसऱ्याच दिवशी तो अंगदकडं गेला.

"आता डोकं बराबर चालून राह्यलं. एक लग्न देऊन बघ मला."

अंगदनं मोबाइलवरची नजर काढली नाही. "तू आराम कर, दादा. आलासच तर कांदे चिर."

घर चालायला हवं होतं, म्हणून मच्छिंद्र गेला. मांडवामागं कांद्याच्या ढिगाशी बसला. चार हातांवर अंगद गड्यांना बजावत होता, "दादाच्या हातात मीठ-मसाला बिलकुल देऊ नका. येडं ते येडंच." आवाज खाली करायची त्याला गरज वाटली नाही.

आदल्या रात्री मच्छिंद्रला चांगली झोप लागली होती. अंगदचा एकही शब्द ध्यानातून निसटला नाही.

घरी शालूनं विचारलं, "काय म्हणले भावजी?"

"काही न्हाई," तो म्हणाला, आणि हाताचा कांद्याचा वास घालवायला त्यानं लिंबाची फोड मागितली.