चिंचेला पारंबी कुठली?

अन्याय झाला तो माझ्या वर्गातल्या एका मुलीवर. आम्ही चौथीत होतो. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, त्याच दिवशी, मधल्या सुट्टीत. करणारे आम्ही. मी धरून.

ती सातपुड्यातल्या पाड्यावरची. आमच्या गावात मावशीकडे राहून शिकायची. मी सपाटीवरच्या शेतीवाडीवाल्या घरातली. शाळेमागच्या चिंचेवर आमची डाबडुबली चालायची: काठी लांब फेकायची, ज्याच्यावर डाव तो ती आणेपर्यंत बाकीच्यांनी झाडावर चढायचं. ती सगळ्यांच्या आधी वर.

त्या दिवशी ती म्हणाली, हा खेळ आमच्या पाड्यावर पण आहे. तिने त्याचं तिकडचं नाव सांगितलं. पोरं खिदळली.

"आखो बोल ना वं, आखो बोल!"

तिला वाटलं, आवडलं. ती पुन्हा बोलली. तिसऱ्यांदा बोलताना तिला कळलं.

मग नियम निघाला. काढला मी. "आमनं नाव ले, नहीं ते डाव तुन्हावरच शे."

तिने 'डाबडुबली' म्हटलं नाही. घंटा होईपर्यंत एकटी काठी आणत राहिली.

त्याच आठवड्यात सरांनी भिंतीसाठी तक्ता करायला सांगितला, 'आपल्या भागातले खेळ'. अक्षर माझं चांगलं. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "माझं पण लिही."

मी सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "पुस्तकातलं लिही गं."

मी लिहिलं: सूरपारंब्या. तिचं नाव गेलंच, आमची डाबडुबलीही गेली. आणि चिंचेला पारंबी कुठली? मला मात्र शाबासकी मिळाली.

आता मी बोलीभाषांसाठी पत्रकं वाटत फिरते. परवा खापर गावच्या बाजारात ती दिसली, कडेवर पोरगी. पत्रक देऊन मी तिला ते नाव विचारलं. कारण मला ते आठवत नाही. हसणं तेवढं आठवतं.

तिने पत्रक वाचलं, घडी घातली. "हसायचं राहिलं का अजून तुझं?"

"नाही गं, लिहायचंय."

"तेव्हा सांगितलं होतं ना, लिही म्हणून."

"पोरीला तरी सांगशील?"

"कशाला? तिच्यावर डाव यायला?"

ती निघून गेली.

हे वाचून हळहळू नका. मास्तर असा, पालक असा, उद्या मधल्या सुट्टीत मैदानावर जा. डोंगरावरून आलेल्या पोराला खेळाचं नाव विचारा. एकदाच विचारा. त्याच्या तोंडून येईल तसंच तक्त्यावर लिहा. आणि कोणी हसलं, तर डाव त्याच्यावर द्या.