राखीचं ताट

जोह्याच्या एका कारखान्यात मी गणपतींच्या डोळ्यांची आखणी करते. या कामाला हात स्थिर लागतो, आणि त्या वर्षी ऐन सीझनमध्ये माझ्या रेषा वाकड्या जायला लागल्या. आमच्याच गावातला एकजण पेणच्या स्टँडवर माझ्यामागे बसमध्ये चढायचा, जोह्याला माझ्यामागे उतरायचा आणि कारखान्यासमोरच्या टपरीवर दिवसभर बसून राहायचा. मी तोंडावर नाही म्हणून सांगितलं होतं. नंबर बदलला, तर नव्या नंबरवर मेसेज सुरू.

घरच्यांनी काय केलं? माझं काम बंद केलं आणि मला रोह्याजवळ, वरसे गावात बहिणीकडे नेऊन ठेवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. थोड्याच दिवसांत तो तिच्या दारासमोरही मोटारसायकल लावून उभा राहिला.

मग मी परत आले आणि पोलीस ठाण्यात गेले. टेबलावरचा हवालदार म्हणाला, "हात तर लावला नाय ना? गावात बसून मिटवा."

गावातली मोठी माणसं आमच्या ओटीवर जमली. ठरलं काय, तर मी त्याला राखी बांधायची. तो भाऊ झाला की विषय संपला. राखीपौर्णिमा लांब होती, पण दुकानात राख्या आल्या होत्या. आईनं ताट केलं, कुंकू, अक्षता, पेढे. तो इस्त्रीचा शर्ट घालून पाटावर बसला होता आणि हसत होता. माझ्या अंगाची नुसती आग होत होती.

"बांध गो, पोरीच्या जातीनं जास्त ताणू नये," एक काका म्हणाले.

"काका, राखी बांधली की भावानं रक्षण करायचं. हा माझं रक्षण कोणापासून करणार?"

मी ताट तसंच ठेवून उठले आणि कारखान्याच्या मालकीणबाईंना घेऊन पुन्हा ठाण्यात गेले. त्यांनी वकिलाला आधीच विचारून ठेवलं होतं. हवालदाराला मी म्हटलं, "नको सांगितल्यावरही मागं फिरणं हाच गुन्हा हाय. हात लावायची वाट बघायला कायद्यात सांगितलेलं नाय. लिहून घ्या."

त्यानं लिहून घेतलं. त्या पाठलाग करणाऱ्याला अटक झाली, जामीनही झाला, केस चालू आहे. मी रोज कामावर जाते.

आई अजून म्हणते, "त्या पोराचं वाटोळं केलंस गो." माझं काय झालं असतं, हे तिनं एकदाही विचारलेलं नाही.